आईला सीओपीडी सांगितलंय, पंप सुरू करावा का? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची आहे, गावी असते तासगाव तालुक्यात, मी नोकरीला पुण्यात. तिला दर थंडीला खोकला होतो, महिना दीड महिना जात नाही, सकाळी उठल्या उठल्या खाकरून खाकरून पांढरा कफ काढते मग कुठं बरं वाटतं. गेली काही वर्षं चढ चढताना दम लागायचा, आता सपाटीला पण शेजारच्या बायकांबरोबर चालताना मागं पडते, मध्येच थांबते. गावातल्या दवाखान्यात दरवेळी दोन इंजेक्शनं आणि गोळ्या, चार दिवस एकदम मस्त वाटतं आणि पुन्हा तेच. यावेळी जास्तच झालं म्हणून मिरजेला छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे काढला, बेडका तपासला (टीबी नाही निघाला), आणि मशीनमध्ये जोरात फुंकायची टेस्ट केली. रिपोर्टवर पंप दिल्यानंतरचा रेशो ०.५८ आणि एफईव्ही१ ५२ टक्के लिहिलंय. डॉक्टर म्हणाले सीओपीडी आहे, रोज घ्यायची कॅप्सूलवाली औषधं दिलीत आणि एक निळा पंप गरज लागेल तेव्हा.

आता घरात सगळे घाबरलेत. मावशी म्हणते पंप एकदा लागला की सुटत नाही, ती शेवटची स्टेज असते, त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. आईने आयुष्यात विडी-सिगारेट बघितली नाही, वडील पण ओढत नव्हते, मग हा आजार आलाच कसा हे मला कळेना. हा दमाच आहे का वेगळं काही? बरा होतो का? पंपाची सवय लागते का? गुगल करून डोकं आणखी फिरलंय, कुणी नीट समजावून सांगेल तर फार बरं होईल.

चेस्ट_फिजिशियन
येरळाकाठ, आधी एक चांगली गोष्ट सांगतो, तुमच्या आईची बेडक्याची तपासणी आणि स्पायरोमेट्री (फुंकायची टेस्ट) दोन्ही झालीत. माझ्याकडे दहा दहा वर्षं दम्याची औषधं खाऊन आलेले पेशंट असतात ज्यांनी फुंकायची टेस्ट एकदाही केलेली नसते. बीपी न मोजता बीपीची गोळी कुणी देत नाही, पण दम लागतो म्हटलं की न मोजताच इंजेक्शन दिलं जातं, हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तो रेशो म्हणजे काय तर छाती भरून श्वास घेऊन जोरात सोडला की पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली (हाच एफईव्ही१), भागिले एकूण किती आली. श्वासनळ्या अरुंद झाल्या असतील तर पहिल्या सेकंदात हवा कमी निघते. मग पंप देऊन पंधरा वीस मिनिटांनी परत फुंकायला लावतात. पंप देऊनसुद्धा रेशो ०.७० च्या खालीच राहिला तर अडथळा कायमचा आहे, आणि लक्षणं व धुराचा इतिहास जुळत असेल तर त्याला सीओपीडी म्हणतात. दम्यात म्हणजे अस्थमात नळ्या आकसतात पण औषधाने बऱ्याच मोकळ्या होतात, पंपानंतर एफईव्ही१ १२ टक्के आणि २०० मिली वाढला तर आम्ही अस्थमाचा जास्त विचार करतो. काही जणांत दोन्ही असतं. आईचा एफईव्ही१ त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या ५२ टक्के, म्हणजे मध्यम, पन्नासच्या खाली गेलं की तीव्र धरतात, म्हणजे आई अगदी काठावर आहे पण अजून बरंच हातात आहे.

आता कसा आला ते. एक विचारतो, स्वयंपाक कशावर करत होत्या? चूल, शेणी, पाचट, तुराट्या?

येरळाकाठ
हो डॉक्टर, चूलच. लग्न होऊन आली तेव्हापासून चूल, सैपाकघराला एकच झरोका, भिंती काळ्याकुट्ट. जळण ओलं असलं की फुंकणी घेऊन चुलीपुढं वाकून फुंकत बसायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पदरानं पुसायची आणि परत फुंकायची, हे लहानपणी रोजचं बघितलंय. गॅस आला पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून बाहेर चुलीवरच, गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणते आणि सिलेंडर पण पुरवून वापरायचा असतो. हंगामात शेजारी गुऱ्हाळ असतं त्याचा पण धूर येतो.

चेस्ट_फिजिशियन
मग उत्तर तिथंच आहे. फुंकणीने फुंकताना माणूस आधी खोल श्वास घेतो आणि तो श्वास चुलीच्या तोंडाशी घेतो. असं वर्षानुवर्षं रोज दोन वेळा. आपल्याकडे बऱ्याच बायकांना सीओपीडी होतो तो सिगारेटने नाही तर याच धुराने. आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये यावरच लेख लिहिला होता, सिगारेट न ओढणाऱ्यांतला सीओपीडी. त्याआधी डॉक्टरसुद्धा बाईला 'सिगारेट ओढता का', नाही म्हणाली की 'मग दमा' असं लिहून मोकळे व्हायचे. चुलीचा धूर, खाणीतली क्रशरवरची धूळ, आधी होऊन गेलेला टीबी, लहानपणी वरचेवर झालेला न्यूमोनिया, वारंवार बिघडत राहिलेला दमा, ही सगळी कारणं आहेत.

बरा होतो का? स्पष्ट सांगतो, जेवढी फुप्फुसं खराब झालीत तेवढी परत येत नाहीत. पण दम कमी होतो, चालणं वाढतं, अ‍ॅडमिट व्हायची वेळ कमी येते. आणि पुढची झीज थांबवायची तर पहिलं औषध म्हणजे धूर बंद. नुसती चूल बाहेर नेली तरी फरक पडतो, पण वाकून फुंकणं बंदच व्हायला हवं. भाकरी हवीच असेल तर चुलीपुढं दुसऱ्या कुणी बसावं असंही मी म्हणणार नाही, कारण मग सुनेची फुप्फुसं जातील. आंघोळीचं पाणी तरी आधी चुलीवरून हटवा, बंब पेटवायचा नाही, गीझर किंवा सोलर बघा, कारण तासभर धुमसणारं जळण तेच असतं.

पंपाचं म्हणाल तर सवय लागत नाही. व्यसन लागेल असं त्यात काहीच नसतं. सुटत नाही असं वाटतं कारण आजार सुटत नाही, डायबेटिसची गोळी सुटत नाही तसंच. आणि गोळ्या बऱ्या म्हणणाऱ्यांना हा हिशोब सांगा. साल्ब्युटामॉलची (निळ्या पंपातलंच औषध) गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची येते, पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत २० ते ४० दाबांएवढं औषध, आणि ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं थेट नळीत जातं. शेवटची स्टेज वगैरे काही नाही, तो पहिला उपाय आहे, आणि लवकर सुरू केला तर जास्त उपयोग.

साताऱ्याची_ऋता
मी डॉक्टर नाही पण आठवीत असल्यापासून दमा आहे म्हणून लिहिते. माझी आजी पण हेच म्हणायची पंप नको पोरीला, लग्न जमणार नाही. मग काय, लपवून ठेवायचे, आणि अटॅक आला की इंजेक्शन. ती दोन इंजेक्शनं म्हणजे बहुतेक वेळा एक नळी मोकळी करायचं आणि एक स्टिरॉईडचं असतं, म्हणून तर चार दिवस मस्त वाटतं. वारंवार घेतलं तर शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजल्यासारखं होतं. लोक पंपातल्या स्टिरॉईडला घाबरतात आणि इंजेक्शनातलं न विचारता घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, एवढं जरी घरात समजावून सांगितलं तरी बरं.

मला आता रोजचा पंप चालू आहे, बुडेसोनाईड (सूज कमी करणारं स्टिरॉईड) आणि फॉर्मोटेरॉल (नळ्या मोकळ्या करणारं) एकत्र असलेला. त्याआधी कित्येक वर्षं फक्त निळा पंप मारत होते, दम लागला की मारा. नवीन डॉक्टर म्हणाले की नुसता निळा पंप दम्यात धोक्याचा आहे, आतली सूज तशीच राहते आणि एखाद्या दिवशी मोठा अटॅक येतो, २०१९ पासून जगभरच्या गाईडलाईनमध्येच लिहिलंय म्हणे. आता मी अजिंक्यताऱ्यावर चालत जाते सकाळी. लग्न पण झालं आणि नवऱ्याला पहिल्याच भेटीत पंप दाखवला होता. ज्यांच्या घरात दमेकरी मुलगी आहे त्यांनी प्लीज तिचा पंप लपवायला लावू नका.

नर्स_मीनाताई
मी छातीच्या ओपीडीत काम करते त्यामुळे एकच मुद्दा पण तो सविस्तर लिहिते, कारण औषध बरोबर आणि घेणं चूक अशी गत रोज बघते. येरळाकाठ दादा, आईला कॅप्सूलवालं म्हणजे रोटाहेलर दिलाय ना? आई ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत तर नाहीत ना हे आधी विचारा. हसू नका, खूप जण गिळतात, चिठ्ठीवर कॅप्सूल लिहिलेलं असतं मग माणूस गिळणारच.

वर जे चौकोनी भोक असतं त्यात कॅप्सूल पारदर्शक बाजू खाली करून पूर्ण आत दाबायची, वरच्या कडेला समपातळीत आली पाहिजे. मग खालचा भाग शेवटपर्यंत फिरवायचा, आत कॅप्सूल उघडून दोन तुकडे होतात. आता श्वास सोडायचा, पण यंत्रात नाही, तोंड बाजूला करून. यंत्रात फुंकलं की दमटपणाने पावडरचे गोळे होतात आणि औषध तिथंच चिकटतं. मग ओठ घट्ट लावून जोरात आणि खोल ओढायचं, दहा सेकंद श्वास रोखायचा. आत बघायचं, पावडर उरली असेल तर परत एकदा ओढायचं. नंतर चूळ भरून थुंकायची, गिळायचं नाही, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो (स्टिरॉईड असेल तर जास्त).

निळा दाबायचा पंप याच्या उलट, तो जोरात ओढायचा नाही, हळू आणि लांब ओढायचा. लोक नेमकी अदलाबदल करतात. पंप आधी हलवायचा, आणि वयस्कर माणसाला स्पेसर लावूनच द्यायचा, ती प्लास्टिकची नळकांडी. एका वेळी एकच दाब, मग स्पेसरमधून सावकाश चार पाच श्वास, अर्ध्या एक मिनिटाने दुसरा दाब. नुसता पंप तोंडात मारला तर बरंचसं औषध घशावरच बसतं. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि वाऱ्यावर वाळवायचा, फडक्याने आतून पुसायचा नाही, पुसला की आत चार्ज तयार होतो आणि औषध भिंतीला चिकटतं.

जोरात ओढायची ताकद कमी असेल तर रोटाहेलरने औषध आत पोचत नाही, तेव्हा डॉक्टरांना सांगून पंप-स्पेसर करून घ्या. व्हिडीओ कॉल लावून आईला घ्यायला सांगा आणि बघा.

येरळाकाठ
ताई तुमचं वाचून लगेच कॉल लावला. गिळत नाहीये पण यंत्रात फुंकत होती, आणि खालचा भाग अर्धाच फिरवत होती त्यामुळं कॅप्सूल नीट उघडतच नव्हती. म्हणजे इतके दिवस औषध डब्यातच. पुतणीला समजावलंय, नववीत आहे, ती रोज सकाळी समोर उभी राहून घ्यायला लावते. मीनाताई खरंच आभार.

वरळीची_स्मिता
मुंबईतून लिहितेय, थोडं वेगळं पण उपयोगी पडेल कुणाला म्हणून. आमच्या सासूबाईंना पण कोरडा खोकला आणि दम, एका ठिकाणी दमा म्हणून बरेच महिने पंप चालू होते, फरक शून्य. त्यांना कफ नव्हता, घरघर पण नव्हती. दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पाठीला खाली लावून ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, घरात कबुतरं येतात का? आमच्या बाल्कनीत एसीच्या मागे घरटंच होतं आणि सासूबाई रोज दाणे टाकायच्या. एचआरसीटी (छातीचा बारीक सीटी स्कॅन) काढल्यावर कळलं की हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे कबुतरांची विष्ठा आणि पिसांच्या धुळीमुळे फुप्फुसाला आतून सूज. हा नळ्यांचा नाही तर फुप्फुसाच्या जाळीचा आजार, त्यामुळे पंपाने बरा होत नाही. घरटं काढलं, जाळी लावली, दाणे बंद, काही महिने स्टिरॉईडच्या गोळ्या. लवकर कळलं म्हणून सुधारल्या, उशीर झाला की चट्टे पडतात, ते कायमचे, मग ते वाढू नयेत म्हणून वेगळी महागडी औषधं लागतात.

कबुतरखान्यांवरून मुंबईत एवढे वाद होतात, दोन्ही बाजूंनी लोक रस्त्यावर येतात, पण ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्याला विचारा. श्रद्धा असेल तर पुण्य करायचे दुसरे हजार मार्ग आहेत, मी हे भांडायला नाही तर कळवळून लिहितेय.

चेस्ट_फिजिशियन
स्मिताताई, बरं झालं लिहिलंत. पंप व्यवस्थित घेऊनही फरक नसेल, कफ नसेल, बोटांची टोकं फुगल्यासारखी झाली असतील तर आजारच वेगळा आहे का हे बघायलाच हवं.

पाटण_खोरे
माझे वडील ९० च्या दशकात टीबीतून बरे झाले, कोर्स पूर्ण केला, तेव्हा गावात लोक ताट वेगळं ठेवायचे. आता ७० चे आहेत, दम लागतो तर सगळे म्हणतात टीबी परत आला. तीनदा तपासलं, टीबी नाही. असं कसं?

आरोग्यसेविका_कराड
पाटण_खोरे दादा, होतं असं. टीबी बरा होतो पण फुप्फुसात व्रण राहतात, नळ्या वेड्यावाकड्या रुंदावतात, त्यात कफ साठतो. तो टीबी नसतो, त्यापासून कुणाला काही लागण होत नाही, त्यामुळे ताट वगैरे वेगळं करायची अजिबात गरज नाही. पण तपासत राहणं बरोबरच.

बाकी सगळ्यांना सांगते, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासा, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट आहे. आता बऱ्याच ठिकाणी सीबीनॅट किंवा ट्रुनॅट मशीन आहे, काही तासांत रिपोर्ट, आणि औषधाला दाद देणारा टीबी आहे का ते पण कळतं. साधा टीबी असेल तर सहा महिने औषध, पहिले दोन महिने चार औषधं मग चार महिने तीन, सगळं मोफत. टीबी पेशंटच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे पैसे महिन्याला ५०० होते ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, खात्यात येतात. बेडका देताना लाळ देऊ नका हो, खोल खोकून सकाळचा घट्ट द्या, लाळ दिली की रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस निवांत घरी बसतो. दोन महिन्यांत बरं वाटतं म्हणून कोर्स सोडणारे फार आहेत, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन बसते, कारण अर्धवट सोडलेला टीबी परत येतो तेव्हा औषधाला दाद देत नाही असाही येतो.

ओजसची_आई
धागा चांगला चाललाय म्हणून मध्येच विचारते, सॉरी. मुलगा ४ वर्षांचा, शाळा सुरू झाल्यापासून दर महिन्याला सर्दी खोकला ताप, दरवेळी अँटिबायोटिक. दोनदा घरघर झाली म्हणून नेब्युलायझर दिला. न्यूमोनिया तर नाही ना याची सारखी धास्ती वाटते. घरी कसं ओळखायचं?

चेस्ट_फिजिशियन
शाळेत घातल्यावर वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, बहुतेक व्हायरल असते, तिथं अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. घरी ओळखायला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे श्वास मोजणं. मूल शांत असताना, रडत नसताना, शर्ट वर करून पोट बघायचं आणि मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजायचं. १ ते ५ वर्षांच्या मुलाला मिनिटाला ४० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा जास्त, आणि दोन महिन्यांच्या आतल्याला ६० किंवा जास्त असतील तर तो वेगाने चाललेला श्वास, दाखवायलाच हवं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पाणी पीत नसेल, गुंगीत असेल तर थांबायचंच नाही, सरळ हॉस्पिटल.

न्यूमोकोकलची लस घेतलीय का बघा, आता सरकारी लसीकरणात आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. घरघर पुन्हा पुन्हा होत असेल, रात्री खोकून उठत असेल, घरात कुणाला दमा किंवा त्वचेची अ‍ॅलर्जी असेल तर बालरोगतज्ज्ञांशी दम्याबद्दल बोला. आणि मास्क लावलेला स्पेसर आणि पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो, वीज नको काही नको. एकच, घरात अगरबत्ती, धूप आणि डासांची कॉईल बंद करा.

वैद्यकीतला_वाचक
सगळं इंग्रजी औषधांचंच चाललंय म्हणून लिहितो. अडुळसा, ज्येष्ठमध, सितोपलादी, वाफ यांनी आमच्या घरात खोकले बरे झालेत. हैदराबादला मृगाच्या दिवशी मासळीतून औषध देतात तिथं लाखो लोक जातात. येरळाकाठ, आईला एकदा तिकडे न्यायला काय हरकत आहे?

चेस्ट_फिजिशियन
वाचक, अडुळशाबद्दल मला आदर आहे. कफ पातळ करायला आम्ही जे ब्रोमहेक्सिन देतो ते अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच बनवलंय. साध्या सर्दी खोकल्याला काढा, मध (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही), कोमट पाणी जरूर घ्या. पण ५२ टक्क्यांवर आलेल्या बाईचा रोजचा पंप बंद करून नाही. हैदराबादच्या औषधाने सीओपीडी किंवा दमा बरा होतो याचा काही पुरावा नाही, आणि त्या गर्दीत धापा टाकणाऱ्या वयस्कर माणसाला नेणं मला पटत नाही. वैद्यांचं चालू ठेवायचं असेल तर दोघांनाही एकमेकांच्या औषधांची माहिती द्या. आणि पुडी, गोळी नाव नसलेली असेल तर घेऊ नका, त्यात कधी कधी स्टिरॉईड मिसळलेलं सापडतं.

वैद्यकीतला_वाचक
पंप बंद करा असं मला म्हणायचं नव्हतं. सोबत म्हणून म्हणालो. वाचून समजलं.

श्वासोपचार_फिजिओ
एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून. दम लागतो म्हणून आई चालणं कमी करत असणार, कमी चाललं की मांड्यांची ताकद जाते, मग तेवढ्याच चालीला आणखी दम, हे चक्र मोडायचं. निळा पंप घेऊन दहा मिनिटांनी सपाटीवर चालायला लावा, बोलता येईल इतपत दम चालतो, गाणं म्हणता येणार नाही इतका. दम भरला तर बसून पुढं झुकून हात गुडघ्यावर, नाकाने दोन मोजत श्वास आत, मग शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार मोजत बाहेर. त्याने नळ्या मिटत नाहीत, अडकलेली हवा निघते. पायऱ्या चढताना श्वास सोडत पाऊल टाकायचं. खुर्चीवरून उठबस, पाण्याची बाटली धरून हात वर खाली, असं आठवड्यातून तीन चार दिवस. जेवण थोडं थोडं जास्त वेळा, पोट टम्म भरलं की छातीखालचा श्वासाचा पडदा वर दाबला जातो. अंडं, मटकी, दूध वाढवा, हे पेशंट वाळत जातात आणि घरच्यांना वाटतं वयामुळं.

येरळाकाठ
इतकं लिहिलंत सगळ्यांनी, मी मोठ्याने वाचून दाखवलं मावशीला फोनवर. आता शेवटचे दोन. चुलतभाऊ म्हणतो ऑक्सिजनचं मशीन घरी आणून ठेवू, कोविडमध्ये फार पळापळ झाली होती. आईचं ऑक्सिजन बसल्या जागी ९४ दाखवतंय. आणि औषधांचा खर्च महिन्याचा बराच आहे, कुठे कमी होतो का?

चेस्ट_फिजिशियन
९४ ला मशीन नको. आजार स्थिर असताना, बसल्या जागी, ८८ किंवा त्याखाली सतत राहत असेल आणि रक्ताच्या तपासणीत तसंच आलं तर घरी ऑक्सिजन देतो, आणि तेव्हा तो रोज किमान १५ तास लावावा लागतो, मधूनमधून दम लागला की पाच मिनिटं लावून उपयोग नाही. शिवाय सीओपीडीत जास्त ऑक्सिजन पण घातक असतो, अंगात कार्बन डायऑक्साईड साठून माणूस गुंगीत जातो, म्हणून दवाखान्यात आम्ही ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवतो. आणि ज्या घरात चूल पेटते तिथं ऑक्सिजन म्हणजे आगीशी खेळ. मोजताना हात गरम करून, नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या बोटाला लावा.

खर्चासाठी जनऔषधी केंद्रात विचारा, काही इनहेलर तिथं बरेच स्वस्त मिळतात. फक्त कंपनी बदलली की यंत्र बदलतं, म्हणून घेतल्यावर परत एकदा घेऊन दाखवायला सांगा. अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत आहे का ते आधी बघा, रोजचे पंप मात्र त्यात येत नाहीत. चिठ्ठीतली औषधं बघता नळ्या मोकळ्या ठेवणारी दोन आहेत का, त्यात स्टिरॉईड पण आहे का, हे डॉक्टरांना विचारा. दम्यात स्टिरॉईड लागतंच, सीओपीडीत सगळ्यांना लागत नाही, वारंवार बिघडत असेल आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ३०० किंवा जास्त असतील त्यांना जास्त फायदा, बाकीच्यांत न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो.

कफ पिवळा हिरवा झाला, वाढला आणि दम पण वाढला तर त्याच दिवशी फोन करा, आठवडा थांबू नका. त्यावेळी साधारण पाच दिवसांच्या स्टिरॉईडच्या गोळ्या आणि गरज असेल तर अँटिबायोटिक देतात, पण ते डॉक्टरांनी सांगून, जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणून नाही. ओठ निळे, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, किंवा नुसती झोपाळू आणि गोंधळलेली वाटते असं झालं तर १०८ बोलवा. फ्लूची लस दरवर्षी, थंडीच्या आत, आणि न्यूमोकोकलची कुठली आणि कधी ते त्यांना विचारा. पुढच्या वेळी मिरजेला जाताना घरातले सगळे पंप, रिकाम्या स्ट्रिप्स, गावातल्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर आईलाच औषध घेऊन दाखवायला सांगा.

येरळाकाठ
पिशवी भरून ठेवायला सांगितलं पुतणीला. सोलरवाल्याला पण फोन केलाय, पुढच्या आठवड्यात माप घ्यायला येतोय. भाकरीचं मात्र आई अजून ऐकत नाहीये, त्याचं काय करायचं कुणी सुचवा.

साताऱ्याची_ऋता
आमच्याकडे सासूबाईंचं तेच होतं. जाड बिडाचा तवा गॅसवर चांगला तापवून घेतला, भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून शेवटी थेट आचेवर जाळी ठेवून फुगवली, तेव्हा मान्य झालं त्यांना. पीठ ताजं दळून आणा आणि परात ओट्यावर नको, खाली बसूनच थापू दे, गॅस शेगडी पण खाली बुटक्या स्टुलावर ठेवा. बसून करायची सवय मोडत नाही म्हणूनच बऱ्याच जणी चुलीकडे परत जातात.